दोन डॅक समोरासमोर ठेवून तुलना कशी करावी

डॅक म्हणजे डिजिटल फाइलचं अॅनलॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण. एका डॅकची लाइन-आउट (अॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या आउटपुटची) पातळी २.० व्होल्ट आणि दुसऱ्याची २.३ व्होल्ट असेल, तर दुसरा १.२ डेसिबलने मोठा वाजतो. कानाला हा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही. तो ‘जास्त मोकळा’, ‘बास भरदार’, ‘गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो’ अशा रूपात कळतो. पातळी न जुळवता केलेल्या तुलनेत डॅक ऐकला जातो की हे १.२ डेसिबल, ते सांगता येत नाही. म्हणून पुढच्या कृतीत सर्वांत जास्त वेळ पातळी जुळवण्यावर खर्च होईल. तो वाया जात नाही.

आधी डेटा तोच जातोय ना

दोन्ही डॅकना हुबेहूब तोच डिजिटल सिग्नल मिळायला हवा. विंडोजचा मिक्सर सगळे आवाज एकाच ठरलेल्या सँपल रेटवर (सेकंदाला किती नमुने, तो आकडा) आणतो, त्यामुळे ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ होऊन बाहेर पडू शकते. प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एएसआयओ आउटपुट (मिक्सरला वळसा घालणारे मार्ग) निवडा. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन सँपल रेट फाइलप्रमाणे लावा. रिप्लेगेन (गाण्यांची पातळी आपोआप जुळवणारी सोय), इक्वलायझर, क्रॉसफेड सगळं बंद. डॅकच्या डिस्प्लेवर सँपल रेट दिसत असेल तर तो फाइलशी ताडून पाहा. गडबड बहुतेक तिथेच उघडी पडते.

एकाची एक्सएलआर (बॅलन्स्ड) आणि दुसऱ्याची आरसीए (साधी) जोडणी चालणार नाही. बॅलन्स्ड आउटपुट सहसा ४ व्होल्ट असतं, आरसीए २ व्होल्ट. म्हणजे सुरुवातच ६ डेसिबलच्या फरकाने. दोन्हीकडे आरसीए वापरा.

मग डिजिटल फिल्टर, म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वरचा भाग कापणारी डॅकमधली गाळणी. बऱ्याच डॅकमध्ये फिल्टरचे अनेक पर्याय असतात आणि कंपनीने आधीपासून कोणता लावलाय याकडे कुणी बघत नाही. दोन्हीकडे ‘फास्ट रोल-ऑफ, लिनिअर फेज’ लावा. स्लो रोल-ऑफ फिल्टर ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर वरच्या टोकाचा आवाज खाली आणतो. नॉन-ओव्हरसॅम्पलिंग (असा फिल्टर न वापरणाऱ्या) डॅकमध्ये तर हे ठळकपणे होतं: १० किलोहर्ट्झला सुमारे ०.७५ डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला ३ डेसिबलहून थोडी जास्त घट. ज्याला ‘अॅनलॉगसारखा मऊपणा’ म्हणतात त्याचं हे एक साधं, मोजता येणारं कारण आहे. तो मऊपणा आवडणं यात काहीही चूक नाही, फक्त तो कुठून येतो ते माहीत असावं.

यूएसबीवर संगणकाची गुणगुण किंवा माउस हलवताना बारीक किरकिर ऐकू आली, तर डॅकला दोष देण्याआधी ऑप्टिकल केबल लावून बघा. ऑप्टिकलमध्ये विजेचा संबंध तुटतो. किरकिर गेली तर ती बहुधा ग्राउंड लूपमुळे, म्हणजे उपकरणांच्या जमिनीच्या तारांतून फिरणाऱ्या प्रवाहामुळे, किंवा यूएसबीतून येणाऱ्या विजेच्या गोंगाटामुळे होती. ती राहू देऊन केलेली तुलना दोन डॅकची न होता दोन जोडण्यांची होते.

पातळी जुळवणे

लागणारं सामान: मल्टिमीटर आणि ३०० हर्ट्झचा साइन टोन. टोन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये तयार करा: ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, अॅम्प्लिट्यूड ०.५. एक किलोहर्ट्झ मुद्दामच घेतलेला नाही, कारण साधे मल्टिमीटर एसी व्होल्टेज सुमारे ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाने मोजतात. मीटर किती अचूक आहे याला महत्त्व नाही, दोन्ही वेळा तोच आकडा यायला हवा. मात्र सर्वांत स्वस्त मीटरमध्ये एसीच्या फक्त २०० आणि ७५० व्होल्टच्या रेंज असतात. त्यांत ०.१ व्होल्टपेक्षा बारीक दिसत नाही, आणि २ व्होल्टवर ०.१ व्होल्ट म्हणजे ०.४ डेसिबल. असा मीटर इथे निरुपयोगी आहे. एसीची २ व्होल्टची रेंज असलेला घ्या.

अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर मोजलं तर केबल आणि इनपुटचा परिणामही धरला जातो. व्हॉल्यूम एवढा ठेवा की टर्मिनलवर साधारण १ व्होल्ट येईल. ८ ओहमच्या स्पीकरला हे पाव वॅटपेक्षाही कमी. प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका, अॅम्प्लिफायर जळू शकतो. अॅम्प्लिफायर क्लास-डी (वेगाने चालू-बंद होऊन काम करणारा) असेल तर त्याच्या स्विचिंगचा अवशेष आकड्यात मिसळू शकतो, तेव्हा डॅकच्या आउटपुटवरच, केबल जोडलेली ठेवून मोजा.

डावा आणि उजवा चॅनल वेगवेगळा मोजा. लक्ष्य ०.१ डेसिबल, म्हणजे व्होल्टेजमध्ये सुमारे १.२ टक्के: १.००० व्होल्टला १.०१२ पर्यंत चालेल. मोठा वाजणारा डॅक खाली आणा, लहान वाजणारा वर नेऊ नका. खाली आणायला डॅकचा किंवा प्लेअरचा डिजिटल व्हॉल्यूम वापरला तर ‘बिट कमी होतात’ अशी भीती असते. ६ डेसिबलला साधारण एक बिट, हा हिशेब बरोबर आहे. पण १६ बिटचं संगीत २४ बिटच्या मार्गाने जात असताना एक-दोन डेसिबलने काही हरवत नाही. डॅकचे व्हॉल्यूमचे टप्पे अर्ध्या डेसिबलचे असले तर मात्र ०.१ डेसिबल जमत नाही. मग प्लेअरमध्ये बारीक गेन देता येतो का पाहा.

बदलायचं कसं

आवाजाची बारीक छटा स्मृतीत फार थोडा वेळ टिकते. केबल काढून दुसरीकडे लावेपर्यंत ती गेलेली असते. दोन इनपुट आणि एक आउटपुट असलेला साधा, पॉवर न लागणारा आरसीए स्विच घ्या. अॅम्प्लिफायरचे दोन इनपुट वापरले तरी चालतात, पण आधी एकच डॅक दोन्ही इनपुटला लावून आकडा सारखा येतो का ते तपासा.

स्रोतासाठी, ऑप्टिकल आणि कोअॅक्शियल ही दोन्ही आउटपुट एकाच वेळी चालू राहणारा प्लेअर मिळाला तर उत्तम: एक या डॅकला, एक त्या डॅकला. इथे एक अडचण हमखास येते. प्रत्येक डॅकचा डिजिटल फिल्टर थोडा उशीर लावतो आणि तो उशीर सारखा नसतो. फिल्टर जितका लांब तितका उशीर जास्त. स्विच करताना ठेका किंचित मागे-पुढे सरकला की कुठला डॅक वाजतोय ते कळून चुकतं आणि चाचणी फसते. तबल्याचा किंवा टाळीचा सुटा ठोका लावून हे तपासा. सरक जाणवली तर चालू गाण्यात स्विच करू नका. १० ते २० सेकंदांचा तोच तुकडा प्रत्येक वेळी सुरुवातीपासून वाजवा.

न बघता ऐकणे

डॅकच्या डिस्प्लेवर आणि दिव्यांवर कापड टाका. स्विच दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि त्याला तुमच्या नजरेआड बसवा. क्रम त्याने मनाने ठरवायचा नाही, नाणं उडवून ठरवायचा आणि आधीच कागदावर लिहून ठेवायचा. माणूस मनाने ठरवतो तेव्हा नकळत आलटून-पालटून ठेवतो, आणि ऐकणाऱ्याला तो नमुना कळतो.

पद्धत एबीएक्स: ‘अ’ ऐका, ‘ब’ ऐका, मग ‘क्ष’ ऐकून तो अ की ब ते सांगा. १६ फेऱ्या करा. १२ बरोबर आल्या तर नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता सुमारे ४ टक्के, म्हणजे दखल घेण्याजोगा निकाल. १० फेऱ्यांत ७ बरोबर हा आकडा दिसायला भारदस्त, पण अंदाजाने तो किंवा त्याहून चांगला आकडा सुमारे १७ टक्के वेळा येतो. फेऱ्या किती ते आधी ठरवा आणि ‘आता छान जमतंय’ म्हणून मध्येच थांबू नका. थकवा आला तर विश्रांती घ्या, घाई नाही. चाचणीच्या ताणामुळे बारीक फरक निसटतो, ही ऑडिओफाइल मंडळींची तक्रार गंभीरपणे घ्यायला हवी. तिच्यावर उपाय म्हणजे चाचणी चार दिवसांत विभागणं आणि तुकडे तुमच्या ओळखीच्या संगीतातले निवडणं.

मदतीला कुणी नसेल तर दुसरा मार्ग आहे. चांगल्या ऑडिओ इंटरफेसवर दोन्ही डॅकचं आउटपुट ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा आणि फूबार २००० या प्लेअरच्या एबीएक्स कंपॅरेटरमध्ये लावा. त्याच फाइल डेल्टावेव या मोफत प्रोग्राममध्ये टाकून एकीतून दुसरी वजा करता येते. आधी एकाच डॅकचं दोनदा रेकॉर्डिंग करून वजाबाकी बघा. तीही शून्य येत नाही, कारण डॅक आणि इंटरफेसची घड्याळं एकमेकांपासून किंचित सरकत असतात. ही तुमची आधाररेषा. दोन वेगळ्या डॅकची वजाबाकी तिच्याजवळच आली, तर ऐकू येण्याजोगं फारसं काही उरलेलं नाही.

नवं तंत्रज्ञान आलं की

सोनीचा सीडीपी-१०१ हा सीडी प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. फिलिप्सने त्या वेळी १४ बिटचा डॅक चौपट ओव्हरसॅम्पलिंगसह (सँपल रेट चौपट करून) वापरला होता. सीडी १६ बिटची, त्यापेक्षा १४ कमी, म्हणून तो हलका असा समज सहज होतो. पण ओव्हरसॅम्पलिंग आणि नॉइज शेपिंगमुळे (गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर ढकलण्यामुळे) ऐकू येणाऱ्या पट्ट्यात तो १६ बिटच्या तोडीचा होता. त्या दशकात डिजिटल आवाज कर्कश म्हणून नाकारला गेला. आज त्याच दशकातली टीडीए१५४१ ही मल्टिबिट चिप संग्राहक ‘अॅनलॉग गोडव्यासाठी’ शोधतात. नव्या गोष्टीचा पहिला अनुभव आणि त्या गोष्टीचा गुण या दोन बाबी वेगळ्या आहेत, हे त्यातून दिसतं.

२०२२ मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी ही कंपनी २०११ पासून काही एलपी डीएसडी या डिजिटल टप्प्यातून काढत होती. निव्वळ अॅनलॉग समजून त्यांचं कौतुक अनेक वर्षं चाललं होतं. फसवलं गेल्याचा राग रास्तच आहे. पण ‘डिजिटल टप्पा कानाला लगेच टोचतो’ या दाव्याचीही तिथे, कुणी न ठरवता, मोठी ब्लाइंड टेस्ट होऊन गेली.

नवं काही आलं की आमच्या मते पहिला प्रश्न हा विचारावा: बाहेरच्या माणसाला हे तपासता येतं का? २०१४ मध्ये आलेल्या एमक्यूए या संगीताच्या डिजिटल फॉरमॅटची अडचण तीच होती. एन्कोडर बंदिस्त, त्यामुळे मूळ फाइल आणि एमक्यूए फाइल स्वतः बनवून शेजारी ठेवणं सामान्य श्रोत्याला शक्यच नव्हतं. २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये टायडल या स्ट्रीमिंग सेवेने तो फॉरमॅट काढून फ्लॅक हा खुला फॉरमॅट ठेवला. उलट आर-टू-आर, एफपीजीए किंवा नवी डेल्टा-सिग्मा चिप या डॅक बनवण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींचा दावा कितीही मोठा असला, तरी तो वरच्या कृतीने घरी तपासता येतो.

हाय-रेझोल्यूशनबद्दल (सीडीपेक्षा जास्त बिट आणि सँपल रेटच्या संगीताबद्दल) दोन आकडे जवळ ठेवावेत. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझोल्यूशन डिस्कच्या मार्गात १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घातला. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे निव्वळ अंदाज. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र करून ५२.३ टक्के काढले: फरक आहे, पण अगदी थोडा, आणि सराव केलेल्या श्रोत्यांना तो जास्त कळतो.

फक्त आकडे बघणाऱ्यांनीही एक लक्षात घ्यावं. सिनॅड (सिग्नल हा गोंगाट आणि डिस्टॉर्शनच्या किती वर आहे, तो आकडा) ११५ डेसिबल की १२० हा अभियांत्रिकीचा क्रम आहे, कानाचा नाही. १६ बिटची स्वतःची मर्यादाच सुमारे ९८ डेसिबल. सिनॅडच्या याद्यांत बहुधा न दिसणारी एक गोष्ट अधिक कामाची आहे: जोरात मास्टर केलेल्या गाण्यांत दोन सँपलच्या मधली शिखरं शून्य डेसिबलच्या वर जातात आणि ज्या डॅकच्या फिल्टरला वर जागा नाही तो ती छाटतो. तपासणी सोपी आहे. प्लेअरचा आवाज ३ डेसिबलने खाली आणा, अॅम्प्लिफायरवर तेवढाच वाढवा, आणि खरखर कमी होते का ऐका.

निकाल हाती आल्यावर

१६ पैकी ९ आल्या तर या दोन डॅकमध्ये, या संगीतावर, तुम्हाला फरक ऐकू आल्याचा पुरावा नाही. मग निवड इतर गोष्टींवर करा: ड्रायव्हर स्थिर आहे का, चालू-बंद करताना स्पीकरमध्ये धप्प आवाज येतो का, ४ व्होल्टचं आउटपुट तुमच्या अॅम्प्लिफायरचं इनपुट ओव्हरलोड तर करत नाही ना, दुरुस्ती मिळेल का.

१३ किंवा १४ आल्या तर कारण शोधायला घ्या. आधी पातळी पुन्हा मोजा. बऱ्याचदा कुणाचा तरी हात व्हॉल्यूमला लागलेला असतो. ती जुळत असेल तर आरईडब्ल्यू या मोफत प्रोग्राममध्ये दोन्ही डॅकचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स एकावर एक काढा. वरच्या टोकाला अर्धा-पाऊण डेसिबलची घट दिसली, तर तेवढीच घट सपाट डॅकवर इक्वलायझरने लावा, ३०० हर्ट्झला पातळी पुन्हा जुळवा आणि दोघांची एबीएक्स परत घ्या. आता फरक ओळखता येईनासा झाला, तर तुम्ही ऐकत होतात ती तेवढी घटच. अजूनही ओळखता येत असेल, तर नॉइज आणि डिस्टॉर्शनचे आलेख काढून शोध पुढे न्या.