शिणाण्यांच्या शेतीखालचा समुद्रतळ कसा तपासायचा

शिणाणी म्हणजे मसल, समुद्रात टांगलेल्या दोरांवर वाढवतात ते शिंपले. त्यांना बाहेरून खाद्य टाकावं लागत नाही, म्हणून त्यांच्या शेतीचा तळाला काहीच त्रास नाही असं बरेच जण धरून चालतात. दुसरीकडे कोणीतरी दोरांखालच्या काळ्या गाळाचा एक फोटो टाकतं आणि समुद्र मेला म्हणून मोकळं होतं. दोन्ही घाईचंच आहे. तळावर नक्की काय झालंय ते शोधायची रीत ठरलेली आहे, आणि ती नीट पाळली तर छोट्या टीमलाही जमते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वरून खाली काय पडतं ते बघा. शिणाणी पाणी गाळून त्यातलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातात, एक मोठं शिणाणं तासाला काही लिटर पाणी सहज गाळतं. पोटात जाऊन पचलं नाही ते विष्ठा होऊन बाहेर येतं आणि जे खायचंच नसतं ते चिकट गोळ्या करून न गिळताच टाकून दिलं जातं. सुटं प्लवक पाण्याबरोबर कुठल्या कुठे निघून गेलं असतं, तेच आता जड होऊन जवळच तळाला बसतं. गाळातले जिवाणू ते कुजवताना ऑक्सिजन वापरतात, तो संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू जोर धरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, जो बहुतेक प्राण्यांना विषारी असतो. पण हे सगळं किती होणार ते शेतीच्या साइझपेक्षा पाणी किती हलतं यावर जास्त अवलंबून असतं.

म्हणून बोटीत बसायच्या आधी कागदावर एक हिशोब करा. विष्ठेच्या गोळ्या साधारण सेकंदाला १ सेंटिमीटरच्या आसपास वेगाने खाली जातात (कमीजास्त होतं, शिणाण्याचा आकार आणि खाद्य यावर). समजा खोली १५ मीटर आहे, म्हणजे तळाला पोचायला १५०० सेकंद, २५ मिनिटं. प्रवाह सेकंदाला २ सेंटिमीटर असेल तर गोळी ३० मीटर लांब जाऊन पडेल, ५ असेल तर ७५ मीटर. बरोबर दोरांखालीच सॅम्पल घ्यायचं असं ठरवून गेलात तर जोरदार प्रवाहाच्या जागी खरा ढीग तुमच्या हाताला लागणारच नाही. प्रवाह भरती-ओहोटीला दिशा बदलतो हेही लक्षात घ्या, आणि त्या मुख्य दिशेला रेघ धरून ०, १०, २५, ५०, १०० मीटर अशा अंतरांवर स्टेशन (सॅम्पल घ्यायच्या ठरलेल्या जागा) ठेवा.

आता तुलनेची जागा, आणि माझ्या मते सगळ्या कामात हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. शेतीपासून लांब, पण खोली तीच, गाळाचा पोत तोच, लाटांचा मारा आणि नदीचं पाणीही तसंच, अशी जागा हवी. शेती बहुतेक वेळा आडोशाच्या शांत खाडीत करतात आणि शांत खाडीचा तळ मुळातच मऊ, चिखलाचा आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेला असू शकतो, मग तुलनेला बाहेरची स्वच्छ वाळू घेतली तर जो फरक दिसेल तो शेतीचा नसून वाळू आणि चिखलाचा असेल. अशी जागा एकच घेऊ नका, निदान दोन-तीन घ्या, कारण दोन नैसर्गिक जागांतही फरक असतोच आणि तो किती असतो हे कळल्याशिवाय शेतीखालचा फरक मोठा की छोटा ते ठरवता येत नाही. शेती अजून सुरू व्हायची असेल तर सोन्याहून पिवळं, आधीची सॅम्पल आत्ताच घेऊन ठेवा, शेतीखालची आणि लांबचीही. ती संधी एकदा गेली की परत मिळत नाही. आणि दरवेळी त्याच ऋतूत जा, कारण अळ्या तळावर उतरायच्या हंगामात छोट्या जीवांची संख्या आपोआप वाढते.

तळावरचं पहिलं काम म्हणजे पारदर्शक नळीने गाळाचा कोअर (थर न विस्कटता काढलेला उभा तुकडा) काढणं. नळी सरळ धरा आणि घाई न करता बाजूने बघा. वरचा तपकिरी थर म्हणजे ऑक्सिजन पोचलेला गाळ, त्याखाली राखाडी किंवा काळा. तपकिरी थर पट्टीने मोजा आणि लगेच लिहून घ्या. चांगल्या जागी प्राण्यांची बिळं खाली काळ्या भागात उतरलेली दिसतात आणि बिळाच्या भिंतीला तपकिरी कड असते, म्हणजे तो प्राणी स्वतःच पाणी आत ओढून खालच्या गाळाला ऑक्सिजन पुरवतोय. खराब जागी तपकिरी थर जवळजवळ नाहीसा होतो, काळा रंग पार वरपर्यंत येतो, उघडल्यावर कुजक्या अंड्याचा वास येतो आणि कधीकधी वर पांढरी जाळी पसरलेली असते, ते सल्फाइडवर जगणारे बेगिआटोआ जिवाणू. रेडॉक्स (गाळात ऑक्सिजनची स्थिती कशी आहे ते दाखवणारा आकडा) आणि सल्फाइड मोजायचे प्रोब असतील तर बोटीवरच मोजा, हवा लागली की आकडे बदलतात. सेंद्रिय पदार्थासाठी वरचे दोन सेंटिमीटर वेगळ्या पिशवीत भरून गार ठेवा, लॅबमध्ये वाळवून भट्टीत जाळल्यावर वजन किती घटलं ते बघतात.

प्राण्यांसाठी व्हॅन व्हीन ग्रॅब (दोरीने सोडायचा, जबड्यासारखा मिटून तळाचा गाळ उचलणारा डबा) वापरतात, ०.१ चौरस मीटरचा, आणि एका स्टेशनवर निदान तीन वेळा टाकायचा. इथे शिणाण्यांच्या शेतीत एक खास अडचण येते. दोरांवरून शिंपा आणि जिवंत घोस सतत खाली पडत असतात, त्यातली एखादी शिंप ग्रॅबच्या जबड्यात अडकली की वर येईपर्यंत गाळ धुऊन जातो. असं सॅम्पल फेकून परत घ्यायचं, अर्धवट मोजायचं नाही. पण तेवढ्याने भागत नाही, कारण फक्त नीट बंद झालेले ग्रॅब ठेवत गेलात तर तुमची सगळी सॅम्पल शिंपांच्या मधल्या मोकळ्या गाळातली होतात आणि शिंपांचा भाग डेटातून गायबच होतो. डायव्हर असतील तर त्यांच्याकडून हाताने कोअर घ्या, आणि किती प्रयत्न फुकट गेले तेही नोंदवा, ती नोंद म्हणजेच तळावर शिंपा किती आहेत याची माहिती आहे.

चाळणी १ मिलिमीटरची घ्यायची की ०.५ची ते सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. मला इथे ०.५ बरी वाटते, कारण ज्या बारीक किड्यांना आपण शोधतोय तेच १ मिलिमीटरमधून निसटतात. पाण्याचा फवारा जोरात मारू नका, किडे तुटतात आणि मग मोजताना डोकी मोजत बसावं लागतं. चाळणीत उरलेलं बोरॅक्स घातलेल्या फॉर्मेलिनमध्ये (प्राणी कुजू नयेत म्हणून वापरायचं द्रावण) ठेवा, बोरॅक्स नसेल तर आम्लामुळे छोट्या शिंपा विरघळायला लागतात. ग्लोव्हज घालून आणि मोकळ्या हवेतच, फॉर्मेलिन खरंच घातक आहे. रोझ बेंगाल हा रंग टाकला की प्राणी गुलाबी होतात आणि गाळातून वेचणं खूप सोपं जातं. लेबल बरणीच्या आतही टाका, पेन्सिलने लिहिलेलं.

आता वाचायचं कसं. नुसती एकूण संख्या बघून काही ठरवू नका. पिअरसन आणि रोझेनबर्ग या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडलेला क्रम आजही उपयोगी पडतो: सेंद्रिय पदार्थ थोडे वाढले की आधी जाती आणि वजन दोन्ही वाढू शकतं, अजून वाढले की जाती कमी होतात पण दोन-चार चिवट जाती हजारोंनी वाढतात, आणि फारच झालं की काहीच उरत नाही. म्हणजे प्राणी वाढले ही बातमी चांगलीही असू शकते आणि वाईटही, कोण वाढलं ते बघावं लागतं. कॅपिटेला हा बारीक लाल दोऱ्यासारखा पॉलिकीट (वलयांच्या शरीराचा समुद्री) किडा ढिगाने दिसला आणि ब्रिटल स्टार (बारीक हातांचे, स्टारफिशसारखे प्राणी), हार्ट अर्चिन (गाळात राहणारे काटेरी समुद्री अर्चिन), अ‍ॅम्फिपॉड (कोळंबीसारखे छोटे प्राणी) दिसेनासे झाले तर तळावर ताण आहे. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर दोरांच्या शेतीखाली हेच झालं, १९८३ च्या त्या अभ्यासात ६ ते १५ महिन्यांत हार्ट अर्चिन आणि ब्रिटल स्टार जाऊन कॅपिटेलासारखे किडे आले, पण परिणाम शेतीभोवती ५ ते २० मीटरपर्यंतच दिसला. उलट टास्मानियातल्या शिंपल्यांच्या शेतांखाली २००३ च्या अभ्यासात फारसा फरक सापडला नाही. दोन्ही निकाल खरे आहेत, जागा वेगळ्या आहेत. जातींची संवेदनशीलता बघून गुण देणारा आंबी इंडेक्स वापरा, पण खाडीच्या तोंडाशी चिवट किडे मुळातच जास्त असतात तेव्हा तिथलाही आकडा लांबच्या जागेशी ताडूनच बोला.

गाळातल्या प्राण्यांवरच थांबू नका. पडलेल्या शिंपांमुळे मऊ चिखलात कडक जागा तयार होते, त्यावर स्पंज, नळीतले किडे, समुद्री स्क्वर्ट (पिशवीसारखे, पाणी गाळणारे प्राणी) बसतात, स्टारफिश आणि खेकडे पडलेली शिणाणी खायला जमतात. हे ग्रॅबमध्ये येतच नाही, त्यासाठी तळावर दोरी टाकून तिच्या कडेकडेने व्हिडिओ घ्यावा लागतो. कोणी याला जैवविविधता वाढली म्हणतं. मी म्हणणार नाही, एका प्रकारचा समुदाय जाऊन दुसरा आला एवढंच म्हणेन, आणि रिपोर्टमध्ये गाळातले आणि शिंपांवरचे प्राणी वेगवेगळ्या तक्त्यात देईन, एकत्र बेरीज केली की चिखलातलं नुकसान झाकलं जातं.

काढणी झाल्यावर किंवा दोर हलवल्यावरही त्याच स्टेशनवर परत जा. स्वीडनच्या त्या जागी काढणीनंतर दीड वर्षानेही तळ थोडाच सावरला होता, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी एकदा बघून फाइल बंद करण्यात अर्थ नाही, वर्षाला एकदा त्याच ऋतूत असं निदान तीन वर्षं धरा. तपकिरी थराची जाडी आधी सुधारते की प्राणी आधी परततात ते दोन्ही नोंदवा, आणि शिंपांचा थर किती उरलाय तेही व्हिडिओवरून मोजत राहा, कारण विष्ठा कुजून जाते पण शिंपा बरीच वर्षं तिथेच पडून राहतात.