पार्किन्सन्स: ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

हात थरथरला म्हणजे पार्किन्सन्सच (हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा आजार), असं नाही. काहींना तर कंप नसतोच. हात मांडीवर निवांत असताना अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी हलतात, कप उचलला की थांबतात, तर शंका घ्यावी. चालताना एकच हात न हलणं, लिहिता लिहिता अक्षर बारीक होणं याही खुणा. वास न येणं, बद्धकोष्ठता या तक्रारी कित्येक वर्षं आधी सुरू होऊ शकतात. निदान न्यूरॉलॉजिस्टकडूनच (मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडून) करून घ्या.

लेवोडोपा, म्हणजे या आजारावरची मुख्य गोळी, घड्याळ लावून घ्यावी. जेवणाआधी साधारण 30 मिनिटं किंवा जेवणानंतर तासाभराने घेतलेली बरी, कारण प्रथिनं आतड्यात तिच्या शोषणाच्या आड येतात. मळमळत असेल तर वेळ डॉक्टरांना विचारून बदला. गोळी अचानक बंद करणं धोक्याचं. उलटीवर मेटोक्लोप्रामाइड तर नकोच, त्याने लक्षणं वाढतात.

या आजारात कधीकधी चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, बहुधा दारात किंवा वळताना. तेव्हा ओढाओढ करू नका; वरचं अंग पुढे जातं, पाय तिथेच राहतात आणि माणूस पडतो. आधी पूर्ण थांबा. वजन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाका, ‘एक-दोन-तीन’ मोजा आणि टाच आधी टेकवत मोठं पाऊल टाका. नेहमीच्या अडणाऱ्या जागी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या पावलाच्या अंतराने आडव्या लावल्या की ओलांडायला काहीतरी मिळतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण सपाट जमिनीवर अडणारा माणूस जिना बरेचदा सहज चढतो. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा फेरा घ्या.