जुन्या गाडीचे लाइट बिघडले? आधी वायरिंग फाडू नका

अँबॅसिडर असो, पद्मिनी असो की स्टँडर्ड हेरल्ड, एखादा दिवा लागेनासा झाला की नव्या मालकाचा हात आधी खिशात जातो. बल्ब बदला, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बदला, स्विच बदला, आणि तरी जमलं नाही तर "सगळं वायरिंगच नवीन टाकू". जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याला लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात '२१ गन सॅल्यूट'चा जुन्या गाड्यांचा सोहळा झाला. तो बघून माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी आजोबांची गाडी ताडपत्रीखालून बाहेर काढली. हौस चांगलीच आहे. पण फोन येतात ते सगळे त्याच त्या चुकांचे.

चूक पहिली, दुसरी आणि तिसरीही: अर्थिंग न बघणं

बल्बपर्यंत करंट वायरीने जातो आणि परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून. जाणारी वायर सगळे तपासतात, परतीची वाट कोणी बघत नाही. पन्नास वर्षांच्या पत्र्याला गंज असतो, होल्डर ढिले झालेले असतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडीला नवा रंग दिलेला असतो.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकांनी नातवाच्या मुंजीसाठी अँबॅसिडर नवी करून घेतली. रंग असा सुरेख की हात लावायला नको वाटावं. पण डावी टेललाइट पार्किंगला नीट लागायची आणि ब्रेक दाबला की उजळायची सोडून उलट मंद व्हायची. त्याच वेळी पुढचा डावा इंडिकेटर मिणमिणायचा. वायरमनने फ्लॅशर बदलला, मग इंडिकेटरचा स्विच बदलला, आणि शेवटी निदान केलं, "काका, आखुं वायरिंग बदलवुं पडशे." काकांनी मला बोलावलं तेव्हा डॅशबोर्डखालून वायरींचा गुंता लोंबत होता.

मी बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलपासून एक लांब वायर थेट मागे आणली आणि तिचं उघडं टोक टेललाइटच्या बेसला टेकवलं.

"दाबा काका."

"दाबला."

ब्रेकलाइट लखलखीत. वायर काढली की पुन्हा मंद, टेकवली की लखलखीत. टेललाइट उघडली तर खाली नवं रबर आणि स्क्रूच्या भोकांत प्रायमर आणि रंगाचा जाड थर. बेसला पत्रा कुठे लागतच नव्हता.

मग इंडिकेटर का मिणमिणत होता? करंटला परतीचा रस्ता मिळाला नाही की तो दुसऱ्याच्या घरातून जातो. ब्रेकचा करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून बेसवर आला, तिथून पत्र्यात जाता येईना, म्हणून त्याच बेसवरच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरला आणि पुढच्या इंडिकेटरमधून अर्थ झाला. तीन बल्ब एका माळेत आले, म्हणून तिन्ही मंद. पार्किंगचं ५ वॅटचं फिलामेंट एकटं असताना त्याला या वाटेनेही पुरेसं मिळत होतं, पण ब्रेकचा करंट त्याच वाटेवर आला आणि त्याच्या वाट्याचे व्होल्ट कमी झाले. हे लक्षण पाठच करून ठेवा: एक दिवा लावला की भलताच दिवा मिणमिणतो, तर अर्थिंग गेलंय. स्विचला हात लावू नका.

दुरुस्ती अगदी साधी. स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालायचा, वरून थोडं व्हॅसलीन. मी याशिवाय बेसपासून चॅसिसच्या बोल्टपर्यंत वेगळी काळी वायर टाकतो. कंपनीने दिली नव्हती म्हणून काही शुद्धतावादी नाक मुरडतात, मुरडू देत. वायरमनने काकांचा जुना स्विच मात्र कचऱ्यात टाकला होता. चांगला चालू, मूळचा लुकास या ब्रिटिश कंपनीचा. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

"मीटर तर बारा व्होल्ट दाखवतोय"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. डिजिटल मीटर नावालाच करंट ओढतो. वायरीतल्या सगळ्या तारा सडून एकच केसाएवढी शिल्लक असली तरी तो खुशाल बारा दाखवतो. बल्ब लावला की मात्र तिथले व्होल्ट पार बसतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा गाड्याही बुडाल्या. गाड्या धुतल्या, वाळवल्या, सीटा बदलल्या, आणि काही महिन्यांनी दिव्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. पाणी उघड्या टोकातून तारांच्या मधून आत ओढलं जातं. बाहेरचं प्लास्टिक साबूत, आत तांबं हिरवं नाहीतर काळं. अशी वायर बोटांत वाकवून बघा. ती निब्बर लागते, आणि सोलली की तार कुरकुरीत होऊन तुटते. हिरवी पावडर दिसली की स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं. इतकं करूनही लागलंच नाही, तर मात्र नवीन वायर टाका. तिथे काटकसर नको.

म्हणून मी मीटरच्या आधी टेस्ट लॅम्प काढतो. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, दोन मगरचिमटे. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कुजकी वायर लगेच उघडी पडते. (नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाड्यांत हा लॅम्प वापरू नका.) मीटर वापरायचाच तर दिवा लावून वापरा: एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं बल्बच्या होल्डरच्या बाहेरच्या पत्र्यावर. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर ते परतीच्या वाटेत वाया जातंय.

फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी

आजही करतात. तांब्याची तारही गुंडाळतात. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. त्याला उडू दिलं नाही तर वायर जळते, आणि जुन्या गाडीत तिच्या शेजारी पेट्रोलचा पाइप असतो.

लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ (अँपिअर) लिहिलेलं असतं, तो उडण्याचा आकडा. सतत वाहण्याचा त्याच्या निम्मा, १७. बाजारातला दुसऱ्या धाटणीचा, सतत वाहण्याचा आकडा लिहिलेला ३५ चा फ्यूज बसवलात तर वायरीचं रक्षण गेलंच. पद्मिनीतले चिनी मातीचे फ्यूज (पांढरा ८, लाल १६) न उडताही दगा देतात, कारण टोकांवर काळपट थर चढतो. ते जागच्या जागी बोटांनी फिरवा. दिवा लागला तर क्लिपा घासा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर डबी भरून फ्यूज जाळू नका. त्या सर्किटचे बल्ब काढा आणि फ्यूजच्या जागी वरचा टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असेल तर तो लखलखीत पेटेल. मग एकेक वायर हलवत जा, डिकीच्या बिजागरीपाशी आणि पत्र्यातून जिथे आरपार जाते तिथे आधी. लॅम्प विझला की जागा सापडली.

हेडलाइट मंद म्हणून १००/९० चे बल्ब

अधीर माणसाचा आवडता उपाय. ६०/५५ च्या (अप्परला ६० वॅट, डिपरला ५५) दोन बल्बांना अप्परवर सुमारे १० अँपिअर लागतात. १०० वॅटच्या दोघांना जवळजवळ १७. स्विचमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पट. अँबॅसिडरमध्ये हा सगळा करंट लाइटच्या स्विचमधून आणि पायाने दाबायच्या डिपरमधून जातो. वास येईल तो स्विचच्या जळक्या बॅकेलाइटचा. खरं दुखणं बहुधा व्होल्टेजचं असतं: बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड ३० टक्क्यांनी पडतो. अप्पर आणि डिपरला एकेक रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावा, बॅटरीकडून फ्यूजसकट जाड वायर आणा. त्याच ६०/५५ मध्ये अहमदाबाद रोडवर रात्री समोरचं नीट दिसेल.

आता बारीकसारीक.

डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनित्राच्या) गाडीत आयडलवर दिवे मंद आणि रेस दिली की उजळ, हा बिघाड नाही. त्यासाठी बॅटरी बदलू नका. रेस दिल्यावर बल्ब फटाफट जात असतील तर मात्र कटआउटच्या डबीतला व्होल्टेज रेग्युलेटर बघा.

इंडिकेटरला एलईडी टाकला आणि फ्लॅशर वेडावला? जुना थर्मल फ्लॅशर दोन २१ वॅटच्या बल्बांचा करंट धरून चालतो. एलईडी तेवढा ओढत नाही.

ब्रेकच्या दोन फिलामेंटच्या बल्बची पिनं खालीवर असतात. जोर लावून उलटा बसवू नका.

उकाड्यात काळी टेप चिकट होऊन सुटते. जोड टेपवर सोडू नका.

ब्रिटिश घराण्याच्या गाडीत (अँबॅसिडर, हेरल्ड) वायरींचे रंग शिकून घ्या: तपकिरी बॅटरीचा थेट, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशन आणि फ्यूजनंतरचा, लाल पार्किंग, निळा हेडलाइट, काळा अर्थ. फियाटचं, म्हणजे पद्मिनीचं, गणित वेगळं. आणि आधीच्या कोणी एकाच लाल वायरीने अख्खी गाडी जोडली असेल तर देव तुमचं भलं करो.

शेवटचं, काहीही नवीन विकत घेण्याआधी बॅटरीचं कुठलं टर्मिनल बॉडीला जोडलंय ते डोळ्यांनी बघा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असतो. तिथे आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर किंवा एलईडी तसाच जोडला तर चालणार नाही, वर जळेलही. अशा गाडीत न बघता मोबाइल चार्जरचं सॉकेट बसवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.