कोलेस्टेरॉलची गोळी आणि मांड्यांचं दुखणं: माझा अनुभव

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम सुरू करून ५ आठवडे झाले आणि दोन्ही मांड्या, पोटऱ्या ठणकायला लागल्या. जिना चढताना कठडा धरावा लागे. दोन्ही पाय अगदी सारखेच दुखतात, ही मोठी खूण होती, पण गोळीचा संशयच आला नाही. मलम, शेक, कॅल्शियम, सगळं करून झालं. ३ महिने असे गेले याची फार चिडचिड झाली.

शेवटी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आधी रक्तात सीके, म्हणजे स्नायूंमधलं एक एन्झाइम, तपासलं. स्नायूंना इजा झाली की ते वाढतं. सोबत टीएसएच, कारण थायरॉइड मंदावलं तरी असंच दुखतं. दोन्ही ठीक निघालं. मग त्यांच्या सांगण्यावरून गोळी ४ आठवडे पूर्ण बंद. बाराव्या दिवशी कठड्याला हात न लावता वर गेले! त्यानंतर कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी, रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, एक दिवसाआड. ती शरीरात बराच वेळ टिकते, म्हणून मला रोज घ्यावी लागत नाही. ६ आठवड्यांनी पुन्हा तपासणी: औषधाविना १५८ असलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १०९ वर, आणि पाय शांत.

गोळी मनाने बंद करू नका, विशेषतः हृदयविकार होऊन गेला असेल तर. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.