शेतात सोडलेल्या सांडपाण्याखालचं भूजल कसं तपासावं

अन्नप्रक्रिया कारखान्याचं सांडपाणी पिकाला देणं मुळात चुकीचं नाही. त्यात नत्र, पालाश आणि सेंद्रिय पदार्थ असतात. पीक त्यातलं हवं ते घेतं, उरलेलं मातीतले जिवाणू पचवतात. पचण्यापलीकडे दिलं की मात्र ते खाली झिरपतं, आणि आजूबाजूची माणसं तेच पाणी उपसून पितात. म्हणून सांडपाणी सोडायला सुरुवात होण्याआधीच भूजल तपासणीची व्यवस्था उभी असली पाहिजे.

१. आधी प्रवाहाची दिशा

भूजल कुठून कुठे वाहतं हे कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी (फक्त पातळी मोजायला आणि नमुने घ्यायला खणलेल्या अरुंद बोअर) लागतात, आणि त्या एका रेषेत नकोत. प्रत्येक विहिरीच्या केसिंग पाइपाच्या (बोअरमध्ये उभ्या बसवलेल्या पाइपाच्या) तोंडाची उंची लेव्हल यंत्राने मोजून घ्या. तोंडापासून पाणी किती खोल आहे ते टेपने मोजा आणि उंचीतून वजा करा. पातळी जिथे जास्त तिथून कमी असेल तिकडे पाणी वाहतं. जमिनीच्या उतारावरून अंदाज बांधू नका, तो पुष्कळदा फसतो. शिवाय सतत पाणी दिल्याने शेताखाली भूजलाचा उंचवटा तयार होऊन दिशा बदलू शकते. त्यामुळे पातळी नमुने घेण्याच्या दर फेरीला, उपसा सुरू करण्याआधी मोजायची.

२. विहिरी कुठे आणि कशा

एक विहीर प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि निदान दोन खालच्या अंगाला, शेताच्या कडेलगत. वरची विहीर खर्च वाचवण्यासाठी गाळली, तर नायट्रेट तुमच्या सांडपाण्यातून आलं की शेजारच्या खतातून, हे सांगता येणार नाही.

झिरपलेलं पाणी आधी भूजलाच्या वरच्या थरात मिसळतं. म्हणून जाळीचा पाइप, म्हणजे ज्याच्या फटींतून पाणी विहिरीत येतं तो भाग, भूजल पातळीच्या आसपास बसवा, ऋतूनुसार पातळी वर-खाली होते तेही धरून. पिण्याच्या खोल बोअरमध्ये अनेक थरांचं पाणी एकत्र येतं, तिथे दूषण विरळ होऊन लपतं. जाळीभोवती धुतलेली वाळू, तिच्यावर बेंटोनाइट मातीचा (ओली झाली की फुगून फट बुजवणाऱ्या चिकणमातीचा) थर, वर सिमेंट आणि कुलूपबंद झाकण हवं. हा अडसर नसेल तर शेतातलं पाणी पाइपाच्या बाहेरून थेट खाली उतरतं.

सांडपाणी सोडण्याआधी निदान वर्षभर, दर तिमाहीला नमुने घ्या. हीच तुमची मूळ स्थिती. पुढे हीच तपासणी दर तिमाहीला चालू ठेवा.

३. नमुना घेताना

पाइपात साचून राहिलेलं पाणी भूजलाचा नमुना नसतं, ते आधी काढून टाकावं लागतं. ५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटर उंचीला साधारण २ लिटर पाणी मावतं. पाण्याचा स्तंभ १० मीटर असेल तर ते झालं २० लिटर. रूढ पद्धत त्याच्या तिप्पट, म्हणजे ६० लिटर उपसण्याची. उपसताना सामू (pH), विद्युत वाहकता, तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजत राहा. आकडे स्थिर झाले की बाटली भरा. सुरुवात वरच्या, स्वच्छ विहिरीपासून करा.

लोह आणि मँगनीजचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि मगच त्यात नायट्रिक आम्ल घाला. गढूळ पाण्यात आम्ल टाकलं, तर मातीच्या कणांवरचं लोहसुद्धा विरघळतं आणि अहवालात भलताच आकडा येतो. नायट्रेटची बाटली बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत तपासली गेली पाहिजे. नमुने हाताळताना किंवा तपासताना झालेली चूक कळावी म्हणून दर फेरीला एका विहिरीचा दुहेरी नमुना आणि नुसत्या शुद्ध पाण्याने भरलेली एक बाटलीही पाठवा.

४. काय तपासायचं, आणि आकडे कसे वाचायचे

यादी अशी: नायट्रेट, अमोनियम, एकूण विद्राव्य क्षार, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, लोह, मँगनीज आणि अधूनमधून आर्सेनिक.

बहुतेकांची नजर फक्त नायट्रेटवर असते, आणि धोका तिथेच आहे. सांडपाण्यात सेंद्रिय भार फार असला की ते पचवताना मातीतला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू नायट्रेट वापरतात, त्यानंतर मँगनीजची आणि लोहाची संयुगं. नायट्रेटचा आकडा घसरतो आणि सगळे निर्धास्त होतात, पण त्याच वेळी लोह आणि मँगनीज पाण्यात उतरत असतात. लोहाच्या संयुगांना चिकटलेलं आर्सेनिकही त्यांच्याबरोबर सुटू शकतं. पचनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मातीतला चुना विरघळवतो, त्यामुळे बायकार्बोनेट आणि कठीणपणा वाढतो. म्हणजे नायट्रेट कमी, मँगनीज आणि बायकार्बोनेट जास्त असा अहवाल आला, तर शेतावर भार जास्त होतोय असंच समजा.

क्लोराइडला जिवाणू हात लावत नाहीत आणि माती सहसा धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर चालतं, म्हणून सांडपाणी विहिरीपर्यंत पोचल्याची बातमी बहुधा तेच आधी देतं.

एककाकडेही लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. नायट्रोजनच्या रूपात लिहिली तर तीच सुमारे ११ होते. अहवालात कोणतं एकक आहे हे न पाहता तुलना केली, तर चौपटीहून जास्त फरक पडतो.

अहवाल आला की धन आयनांची (सोडियम, कॅल्शियम वगैरे) आणि ऋण आयनांची (क्लोराइड, बायकार्बोनेट वगैरे) मिलिसममूल्यांत, म्हणजे विद्युतभार धरून मोजणाऱ्या एककात, वेगवेगळी बेरीज करून पाहा; दोन्ही जुळायला हव्यात. दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर प्रयोगशाळेला फेरतपासणी सांगा. मग प्रत्येक विहिरीचा, प्रत्येक घटकाचा कालक्रमाने आलेख काढा. एका आकड्यापेक्षा रेषेचा कल जास्त बोलतो.

५. कल वर जाऊ लागला तर

लगेच पुन्हा नमुना घेऊन खात्री करा. खरं निघालं तर सांडपाण्याची मात्रा कमी करा, दोन पाळ्यांमधली विश्रांती वाढवा, क्षार आणि सेंद्रिय भार कारखान्यातच कमी करता येतो का ते बघा. जवळपास कोणी विहिरीचं पाणी पीत असेल, तर त्यांना त्याच आठवड्यात सांगा आणि त्यांच्या पाण्याचीही तपासणी करून द्या. पाणी खोल असेल तर मातीतून खाली पोचायला वर्षं लागतात, म्हणून आज केलेल्या सुधारणेचा परिणाम आलेखात उशिरा दिसेल. सांडपाणी सोडणं पूर्ण बंद केलं तरी नमुने घेणं काही वर्षं चालूच ठेवा.