चाळीतले गट शोधायचेत? जेफी (Gephi) हे नेटवर्कचं सॉफ्टवेअर वापरून असं बघा

लालबाग-परळकडच्या चाळीत रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की कोण कोणाच्या गटात याच्या गप्पा सुरू होतात, पण खरे गट बघायचे असतील तर आधी 'संबंध' म्हणजे काय धरायचं ते ठरवा. एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये असणं म्हणजे संबंध असं धरू नका, त्यात सगळेच असतात, मग सगळेच सगळ्यांना जोडलेले दिसणार. त्यापेक्षा घरोघरी एकच प्रश्न विचारा, अडचण आली तर पहिलं दार कोणाचं वाजवता? नाहीतर मीटिंगचं हजेरी रजिस्टर घ्या आणि दोघं किती मीटिंगना एकत्र होते ते मोजा.

मग दोन कॉलमची सीएसव्ही (साधी तक्त्याची फाईल) करा, सोर्स आणि टार्गेट (ही हेडिंगं इंग्रजीतच लिहा, Source आणि Target), एका ओळीत एक संबंध, नावांऐवजी नंबर टाका. जेफी फुकट आहे, त्यात फाईल उघडली की माणसं ठिपके आणि संबंध रेघा होतात, मग फोर्सअॅटलास टू (जोडलेले ठिपके जवळ आणणारा लेआउट, म्हणजे मांडणी) लावा, पुंजके दिसायला लागतील. पण डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, लेआउट बदलला की पुंजकेही हलतात.

आता मॉड्युलॅरिटी (गटांच्या आत संबंध किती दाट आहेत त्याचा आकडा) रन करा, ती गट पाडून देते. आत २००८ ची लूव्हँ पद्धत चालते, ती दर वेळी थोडं वेगळं उत्तर देऊ शकते, म्हणून चार-पाचदा चालवा आणि जी माणसं दर वेळी एकत्रच पडतात तेवढीच पक्की धरा. त्यातलंच रेझोल्युशन (गट किती बारीक पाडायचे ते सेटिंग) १ च्या खाली नेलं की लहान लहान जास्त गट, वर नेलं की मोठे आणि कमी. (काही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे नेमकं उलटं असतं, वैताग!)

सराव करायचाय? झकारी या संशोधकाचा १९७७ चा कराटे क्लबचा डेटा घ्या, ३४ माणसं, ७८ संबंध. क्लब फुटला तो दोन तुकड्यांत, पण मॉड्युलॅरिटी सगळ्यात जास्त येते चार गटांना! म्हणजे आकडा चांगला आला म्हणून भांडणाची रेघ तिथेच असेल असं नाही, अगदी रँडम, म्हणजे कसेही जोडलेल्या नेटवर्कमध्येसुद्धा गट निघतात.

शेवटी जेफीतलं नेटवर्क डायमीटर रन केलं की बिटवीननेस (इतरांमधल्या सगळ्यात जवळच्या वाटांपैकी किती एखाद्या माणसातून जातात त्याचा आकडा) मिळतो, तो ज्यांचा जास्त ते बहुतेक दोन गटांच्या मधले लोक, त्यांना जाऊन विचारा की हे गट तुम्हाला पटतात का. आणि रंगीत चित्र चाळीच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका, नंबर घातले तरी कोपऱ्यातला एकटा ठिपका कोणाचा ते सगळ्यांना बरोब्बर कळतं.