हेलमंदचा नकाशा पाण्यावरून कसा वाचावा

अफगाणिस्तानातील हेलमंद प्रांताच्या बातम्या नीट समजून घ्यायच्या असतील, तर जिल्ह्यांच्या सीमारेषा थोडा वेळ बाजूला ठेवून आधी हेलमंद नदी शोधावी. हा देशातील सर्वांत विस्तीर्ण प्रांत. पण पश्चिमेला दश्त-ए-मार्गो आणि दक्षिणेला रेगिस्तान अशी वाळवंटे असल्यामुळे वस्ती मुख्यतः नदीकाठच्या आणि कालव्यांखालच्या हिरव्या पट्ट्यातच आढळते.

नदीबरोबर वरून खाली यावे. प्रथम १९५३ मध्ये पूर्ण झालेले कजाकी धरण लागते, मग संगीन, नंतर काबूल-कंदाहारकडून येणारा महामार्ग जिथे नदी ओलांडतो ते गिरिश्क, आणि पुढे लष्करगाह, ज्याच्या नावातच छावणी आहे. धरण, वीज आणि रस्ता एकाच अरुंद पट्ट्यात आल्यामुळे तालिबानविरुद्धच्या युद्धात तिथल्या प्रत्येक चौकीसाठी रक्त सांडले. २००८ मध्ये कजाकीसाठीचे अवजड टर्बाइन हजारो सैनिकांच्या बंदोबस्तात धरणावर पोहोचले. परंतु ते बसवायला लागणारे सिमेंट असुरक्षित रस्त्याने नेता आले नाही आणि यंत्र कित्येक वर्षे तसेच पडून राहिले.

यानंतर उपग्रहचित्रात मार्जा मोठे करून पाहावे. जुन्या नदीकाठी शेतांचे बांध वेडेवाकडे दिसतात, तर इथे पट्टीने आखल्यासारखे सरळ कालवे आणि चौकोनी तुकडे दिसतात, कारण मार्जा आणि नाद-ए-अली या अमेरिकी साहाय्याच्या सिंचन योजनेतून विसाव्या शतकाच्या मध्यास वसवलेल्या वसाहती आहेत. उथळ मातीखालच्या कठीण थरामुळे पाण्याचा निचरा होईना आणि पुष्कळ जमीन क्षारपड झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये परकीय सैन्य मार्जात उतरले, तेव्हा हेच कालवे, काठची झाडे आणि मातीच्या जाड भिंती लढणाऱ्यांचा आडोसा ठरल्या.

माणसांकडे पाहताना ‘पश्तून’ या एका शब्दावर थांबू नये. उत्तरेत अलिझई, गिरिश्कच्या परिसरात बरकझई, शिवाय नूरझई आणि इशाकझई अशा पश्तून जमाती, तर दक्षिण टोकाला बलुच आहेत. मार्जासारख्या वसाहतीत मात्र ठिकठिकाणचे लोक आणून बसवल्यामुळे सर्वांनी मानावा असा एकच वडीलधारा सहसा सापडत नाही. पाण्याच्या पाळ्या लावतो तो मिराब, म्हणजे आपल्याकडचा पाटकरी. वरच्या गावाने पाणी अडवले की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे पीक करपते, आणि असे जुने दावे ‘सरकार विरुद्ध तालिबान’ या मथळ्याखाली लपून गेले, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून चकमकीची बातमी वाचताना ते गाव कालव्याच्या मुखाशी आहे की टेलला, हे आधी पाहावे.

ऑगस्ट २०२१ मध्ये लष्करगाह तालिबानच्या हाती गेले, तरी पाण्याचा प्रश्न तसाच आहे. मार्जा आणि नाद-ए-अलीला पाणी पुरवणाऱ्या बोघरा कालव्याच्या उत्तरेला वाळवंटात सौरपंपांवर शेती पसरली असून ती भूजल उपसूनच चालते. शेवटी नजर नदीच्या टोकाला, इराणच्या सीमेवरील हामून सरोवरांकडे न्यावी. १९७३ च्या करारानुसार इराणला वर्षाला ८२ कोटी घनमीटर पाणी द्यायचे आहे. परंतु हा आकडा सामान्य पाणीवर्षासाठीचा असल्यामुळे, इराणच्या तक्रारीची बातमी आली की काबूलच्या पश्चिमेकडील ज्या डोंगरांत ही नदी उगम पावते, तिथे त्या हिवाळ्यात किती बर्फ पडला होता, ते प्रथम तपासावे.